अग्निपर्वताची जोखीम

दिवाळीचे चोपडापूजन आटोपते आणि नाताळच्या सुट्टीचे वेध लागतात. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी येथील घराघरांत सहलींची माहितीपत्रके येऊन पडू लागतात. त्यांत ठळक अक्षरांत काय छापलेले असते, हे पाठ झालेले आहे : शुद्ध शाकाहारी आणि जैन भोजन, कंदमुळांविना स्वयंपाक, सोबत स्वतंत्र महाराज, शक्य तेथे सूर्यास्तापूर्वी जेवण. स्वित्झर्लंडची शिखरे पाहून झालेल्या कुटुंबांना आता काही निराळे हवे असते. अशा वेळी इटलीच्या दक्षिणेला असलेल्या सिसिली बेटावरील एटना पर्वताचे नाव पुढे येते. धुमसता ज्वालामुखी, त्याच्या अंगावर शुभ्र बर्फ, त्या बर्फावर पायांना पट्ट्या बांधून घसरण्याचा स्कीइंगचा खेळ आणि खाली निळा समुद्र. घरातील तरुण मुले त्या चित्राने हरखून जातात, यात नवल नाही.

मग प्रश्नोत्तरे सुरू होतात. महाराज कोणत्या गावचा? हॉटेलचा दर्जा काय? सामान किती किलो? आजींना व्हीलचेअर मिळेल ना? असे दहा प्रश्न विचारले जातात आणि दहांचीही उत्तरे मिळतात. अकरावा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही : त्या पर्वताची प्रकृती सध्या कशी आहे, ती रोज कोण तपासतो आणि बिघडली तर आम्हांला कोण, कसे आणि किती लवकर कळवणार? माल बंदरातून हलण्यापूर्वी विम्याच्या कागदावरील बारीक अक्षरे वाचणारी ही घरे आहेत. जोखीम म्हणजे काय, हे त्यांना शिकवावे लागत नाही. तरीही सुट्टीवर निघताना हा विवेक बहुधा पेढीच्या कुलपातच राहतो.

ज्वालामुखी म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांसमोर इटली, जपान किंवा हवाई बेटे उभी राहतात. अंधेरी कधीच उभी राहत नाही. वस्तुतः अंधेरी पश्चिमेस, भवन्स महाविद्यालयाच्या जवळ, इमारतींच्या आणि झोपड्यांच्या दाटीतून एक काळाकभिन्न कातळ सरळ वर निघालेला आहे. उंची सुमारे ६१ मीटर, म्हणजे २०० फूट. नकाशात त्याचे नाव गिल्बर्ट हिल. माथ्यावर गावदेवी आणि दुर्गामाता यांची मंदिरे आहेत आणि तेथवर कातळात खोदलेल्या खड्या पायऱ्या जातात. या कातळाकडे थोडे लक्ष देऊन पाहिले तर तो एकसंध नसून शेजारी शेजारी उभ्या केलेल्या बहुकोनी खांबांची जुडी असल्याचे दिसते. हे खांब कोणी घडविलेले नाहीत. तळ्याचा चिखल उन्हात सुकताना आकसतो आणि त्याला बहुकोनी भेगा पडतात. त्याच न्यायाने तप्त शिलारस सावकाश निवताना आकसला, तडकला आणि भेगा खोल जात जात असे खांब तयार झाले.

या टेकडीचे वय ६.६ कोटी वर्षे असल्याचे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते वय दख्खनच्या मुख्य उद्रेकाचे आहे. कातळातील आर्गॉन वायूचे प्रमाण मोजून २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गिल्बर्ट हिलचे वय सुमारे ६ कोटी ५ लाख वर्षे आले. म्हणजे दख्खनचा महापूर ओसरल्यानंतरही मुंबईच्या परिसरात धरणीच्या पोटातील आग विझलेली नव्हती.

दख्खनचा तो उद्रेक एखाद्या शंकूच्या आकाराच्या पर्वतातून झाला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून शिलारस पुन्हा पुन्हा वाहून थरावर थर चढत गेले. आज उरलेले त्याचे क्षेत्रच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. दोन थरांच्या मध्ये दीर्घ शांततेचे काळ होते. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत. विवर शांत झाले, पाणी साठले, तळी झाली, त्यांत बेडूक नांदले. आणि एके दिवशी पुन्हा वरून शिलारस आला. त्या तळ्याकाठची शांतता संपल्याचे बेडकांना सांगणारे कोणी नव्हते. माणसाला आज सांगणारे आहेत. ऐकायचे की नाही, एवढाच प्रश्न त्याच्यासमोर उरतो.

मुंबईने या थिजलेल्या आगीवर आपला संसार मांडला आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणी ज्या डोंगरात कोरली, त्याचे जुने नाव कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर. अंधेरीची महाकाली लेणीही याच अग्निजन्य खडकातील आहेत. दक्षिण मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या भिंतींत कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड बसविलेला आहे. दोन्ही ज्वालामुखीचीच अपत्ये होत. जैन यात्रेकरूंच्या पायांनाही हा खडक परिचित आहे. वेरूळची ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी दख्खनच्या लाव्हात कोरलेली आहेत. नाशिक जिल्ह्यातील मांगी-तुंगीच्या डोंगरात २०१६ साली प्रतिष्ठापना झालेली भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती त्याच जातीच्या कातळातून प्रकट झाली आहे. गुजरातेतील गिरनार तर जमिनीबाहेर न येता पोटातच निवलेल्या शिलारसाचा डोंगर आहे. वरचे आवरण झिजून तो उघडा पडला. ज्या कुटुंबांच्या अनेक पिढ्या थिजलेल्या अग्निपर्वतांच्या पायऱ्या चढल्या, त्यांना जागता अग्निपर्वत पाहावासा वाटणे स्वाभाविक आहे. फक्त थिजलेला आणि जागता यांतला भेद त्यांनी ओळखला पाहिजे.

एटना हा युरोपातील सर्वांत जागत्या पर्वतांपैकी एक आहे. त्याची उंची ३,३०० मीटरांहून अधिक असली तरी नेमका आकडा कायम राहत नाही. नवी राख साचली की शिखर वाढते, कडा ढासळला की घटते. २०१३ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारशात समावेश केला. पायथ्याचा कातानिया विद्यापीठ आणि बाजारपेठ असलेला मोठा जिवंत शहर आहे. १६९३ च्या भूकंपात ते उद्ध्वस्त झाले आणि पुन्हा उभारताना त्याच्या कित्येक इमारतींत आणि रस्त्यांत एटनाचाच काळा दगड वापरला गेला. शहराच्या मुख्य चौकातील हत्तीही काळ्या लाव्हाचाच आहे. पर्वताच्या उतारांवर द्राक्षांचे मळे आहेत आणि पश्चिम अंगाच्या ब्रोंते गावाचा हिरवागार पिस्ता जगाच्या सुकामेव्याच्या बाजारात नावाजलेला आहे. तो लाव्हाच्या खडकाळ जमिनीत वाढतो आणि त्याचे पीक वर्षाआड घेतले जाते. देणारा आणि नेणारा हात एकच आहे, हे तेथील माणूस जाणतो. म्हणून तो पर्वताला भिऊन पळत नाही आणि त्याच्याशी सलगीही करीत नाही.

या पर्वतावर हिवाळ्यात स्कीइंग चालते. दक्षिण अंगाला निकोलोसी गावाच्या वर सापिएंझा हा तळ सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे. तेथून रोपवेने २,५०० मीटरपर्यंत जाता येते. उत्तर अंगाला लिंग्वाग्लोसाच्या वर पियानो प्रोवेंझाना आहे. पांढऱ्या उतरणीवरून घसरताना समोर आयोनियन समुद्र दिसतो, असे दृश्य जगात फार थोड्या ठिकाणी मिळते. परंतु या दोन्ही तळांचा इतिहास माहितीपत्रकात नसतो. २००१ साली दक्षिण अंगाच्या रोपवेला लाव्हाने झोडपले. ऑक्टोबर २००२ मध्ये पर्वताच्या उत्तर अंगाला भेग पडली आणि पियानो प्रोवेंझानाचे हॉटेल, दुकाने आणि स्कीइंगची यंत्रणा लाव्हाखाली गाडली गेली. आज जे दिसते, ते त्यानंतर पुन्हा उभारलेले आहे.

बर्फ आणि लाव्हा यांची गाठ पडली म्हणजे काय होते, हेही जाणून घेण्यासारखे आहे. लाव्हा बर्फावरून सरकत जातो तेव्हा खालचा बर्फ वितळून पाणी होते आणि पाण्याची वाफ होते. तिला वाट मिळाली नाही की वरचा थर फोडून ती बाहेर पडते आणि तप्त दगड चहूकडे उडतात. लाव्हा मुंगीच्या पावलांनी येतो म्हणून त्याच्याजवळ उभे राहण्यास हरकत नाही, हा समज त्यामुळेच घातक ठरतो. १६ मार्च २०१७ रोजी एटनावर नेमके हेच घडले. बीबीसीच्या चित्रीकरण पथकासह सुमारे दहा जण जखमी झाले. सोबत जाणकार वाटाडे होते आणि सुदैवाने कोणी दगावले नाही. २ जून २०२५ रोजी शिखराचा काही भाग ढासळून राखेचा आणि वायूचा तप्त लोंढा उतारावरून निघाला, तेव्हा पर्यटक धावत खाली उतरताना साऱ्या जगाने पाहिले. त्याही वेळी जीवितहानी टळली.

या पर्वताच्या इतिहासात जोखमीविषयीची एक कथा आहे, ती व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. १६६९ साली एटनाचा मोठा उद्रेक झाला आणि लाव्हाचा ओघ कातानियाच्या दिशेने निघाला. तेव्हा डिएगो पापालार्दो नावाच्या धर्मगुरूच्या पुढाकाराने कातानियाची काही माणसे ओली कातडी पांघरून, हातात लोखंडी पहारी घेऊन लाव्हाजवळ गेली. ओघाच्या थिजलेल्या कडेला त्यांनी खिंडार पाडले आणि तप्त रसाला बाजूची वाट करून दिली. युक्ती साधली, पण ती नवी वाट पातेर्नो गावाच्या दिशेने जात होती. पातेर्नोचे लोक शस्त्रे घेऊन आले आणि त्यांनी कातानियाच्या माणसांना हुसकावून लावले. खिंडार पुन्हा बुजले आणि लाव्हा पुढे कातानियापर्यंत पोहोचला. कातानियाच्या माणसांच्या धैर्याला तोड नव्हती. पण त्यांच्या हिशेबात एक रकमच धरलेली नव्हती. आपल्या दारातील संकट शेजाऱ्याच्या दारी वळविले म्हणजे ते संपत नाही. ते केवळ दुसऱ्याच्या खात्यावर पडते.

न्यूझीलंडमधील रुआपेहू या पर्वतावरही स्कीइंगचे मोठे तळ आहेत. त्याच्या शिखरावर विवरात सरोवर आहे. उद्रेक झाला की ते पाणी, बर्फ आणि राख एकत्र होऊन चिखलाचा प्रचंड लोंढा दरीतून खाली धावतो. २४ डिसेंबर १९५३ च्या रात्री अशा लोंढ्याने तांगिवाई येथील रेल्वेपूल उखडला आणि त्याच वेळी तेथे पोहोचलेली वेलिंग्टन–ऑकलंड गाडी नदीत कोसळली. १५१ माणसे मृत्युमुखी पडली. १९९५ आणि १९९६ सालच्या उद्रेकांनी तेथील स्कीइंगचे हंगामच अर्ध्यावर थांबविले. आज व्हाकापापा येथील उतरणींवर धोक्याचे भोंगे बसविलेले आहेत. भोंगा वाजला तर दरी सोडून बाजूच्या उंच धारेवर जावे, एवढी एकच सूचना तेथे पुन्हा पुन्हा सांगितली जाते. ही सूचना मूल असो वा वृद्ध, प्रत्येकाला समजते. कारण ती आधी सांगितलेली असते. तिकीट विकणाऱ्याने धोका झाकला नाही म्हणून तेथील गर्दी आटली नाही. उलट सांगितलेल्या धोक्यावर माणूस विश्वास ठेवतो.

न सांगितलेल्या धोक्याचे काय होते, याचे उदाहरणही त्याच देशातील आहे. व्हाकारी हे न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळील ज्वालामुखीचे बेट. तेथे बोटीने नेऊन विवराच्या काठापर्यंत फिरविण्याच्या सहली वर्षानुवर्षे चालत होत्या. १८ नोव्हेंबर २०१९ रोजी शास्त्रज्ञांनी त्या बेटाची धोक्याची पातळी १ वरून २ केली. सहली थांबल्या नाहीत. ९ डिसेंबर २०१९ रोजी दुपारी उद्रेक झाला, तेव्हा बेटावर ४७ माणसे होती. त्यांपैकी २२ जण दगावले आणि वाचलेल्यांतील कित्येकांना भयंकर भाजले. मृत आणि जखमींत एकाच जहाजावरून सुट्टीसाठी आलेले अनेक प्रवासी होते. काही कुटुंबे एकत्र होती.

पुढे खटले चालले. सहली चालविणाऱ्या काही कंपन्यांनी दोष मान्य केला आणि २०२४ साली न्यायालयाने दंड आणि पीडितांना भरपाई देण्याचे आदेश दिले. बेटाची मालकी असलेल्या कंपनीला झालेली शिक्षा २०२५ साली वरच्या न्यायालयाने रद्द केली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कोणाची जबाबदारी किती, हा वाद सोपा नव्हता. परंतु त्या वादाच्या तळाशी असलेला प्रश्न कोणत्याही पेढीवरचा माणूस क्षणात ओळखील. ज्याने पैसे मोजले, त्याला तो काय विकत घेत आहे हे पूर्ण सांगितले होते का? मालातील दोष ठाऊक असून तो गिऱ्हाइकापासून लपविणे, हे सचोटीच्या व्यापारात बसत नाही. धोका हाही मालाचाच एक गुण आहे. तो सांगूनच माल विकला पाहिजे. घेणाऱ्याचेही कर्तव्य आहे की सांगितले नसेल तर विचारावे.

मग एटनाला जाऊच नये काय? तसा निष्कर्ष काढणे पर्वतावर आणि तेथील माणसांवर अन्याय करणारे होईल. दर वर्षी असंख्य लोक तेथे जातात आणि सुखरूप परत येतात. प्रश्न जाण्याचा नसून कसे जावे याचा आहे. त्यासाठी घरातील कर्त्या माणसाने माहितीपत्रकाच्या समासात चार गोष्टी लिहून ठेवाव्यात.

पहिली गोष्ट पर्वताच्या प्रकृतीची. कातानिया येथील वेधशाळा एटनावर रात्रंदिवस लक्ष ठेवते आणि इटलीचे नागरी संरक्षण खाते ज्वालामुखीची स्थिती हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा चार रंगांत जाहीर करते. निघण्यापूर्वी आणि तेथे पोहोचल्यावर तो रंग पाहावा. किती उंचीच्या वर परवानाधारक वाटाड्याशिवाय जाऊ नये, याची मर्यादा स्थानिक प्रशासन परिस्थिती पाहून ठरविते. ती ओलांडण्याचा आग्रह सोबतच्या मंडळींनी धरू नये. दुसऱ्यांदा येणे होणार नाही, ही सबब पर्वताला कळत नाही.

दुसरी गोष्ट विम्याची. प्रवासाच्या पुष्कळ विमापत्रांत बर्फावरचे खेळ वगळलेले असतात, किंवा त्यांसाठी वेगळा हप्ता भरावा लागतो. राखेमुळे कातानियाचा विमानतळ मधूनमधून बंद पडतो. त्या वेळी राहण्याचा वाढीव खर्च कोण देणार, हे आधी वाचून ठेवावे. राखेच्या ढगामुळे दोन दिवस अडकून पडावे लागले, तर खाखरे आणि थेपले उपयोगी पडतील. पण हॉटेलचे बिल त्यांनी भागणार नाही.

तिसरी गोष्ट खेळाची. ज्या मुलाने कधी बर्फावर पाऊल ठेवलेले नाही, त्याने पहिला धडा धुमसत्या पर्वतावर गिरवू नये. गुलमर्ग आणि औली येथे आपल्याच देशात उत्तम उतरणी आणि शिकविणारे आहेत. तेथे पडण्याची आणि उठण्याची सवय झाली की एटनावर लक्ष पायांकडे न राहता पर्वताकडे राहते. तेथेही आखलेल्या उतरणीबाहेर जाऊ नये, कारण बर्फाखालचा ताजा लाव्हा धारदार असतो आणि विवरालगतची जमीन भरवशाची नसते.

चौथी गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांची. दम्याचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी विवराच्या जवळ जाण्याचा हट्ट धरू नये. तेथील गंधकयुक्त वायू आणि विरळ हवा यांचा त्रास त्यांना प्रथम होतो. अशांनी कातानियाच्या काळ्या रस्त्यांवरून फिरून, ब्रोंतेचा पिस्ता चाखून खालूनच पर्वत पाहावा. पाहण्याचे समाधान त्यात तसूभर कमी होत नाही.

दुरून पाहण्याची ही रीत भारताने स्वतःच्या एकमेव निश्चित जागत्या ज्वालामुखीच्या बाबतीत पाळलेली आहे. अंदमानातील बॅरन बेट १७८७ साली उद्रेक करताना पाहिले गेले. एकोणिसाव्या शतकानंतर ते दीर्घकाळ शांत होते आणि १९९१ साली पुन्हा जागे झाले. त्यानंतर ते अधूनमधून धूर आणि राख सोडत असते. तेथे पर्यटकांना उतरू दिले जात नाही. परवानगी घेऊन बोटीतूनच ते पाहावे लागते. बेटावर वस्ती नाही, हॉटेल नाही, रोपवे नाही. त्यामुळे त्याच्या उद्रेकाच्या बातमीत मृतांचा आकडा नसतो.

आता पुन्हा अंधेरीकडे वळले पाहिजे. कारण जोखमीच्या या हिशेबात एक नोंद उलट्या बाजूची आहे. एटनावर माणसाने पर्वतापासून स्वतःला जपायचे असते. गिल्बर्ट हिलवर पर्वताला माणसापासून जपावे लागते. असेच खांब पूर्वी जोगेश्वरीजवळही होते. ते दगडखाणींत फुटले आणि खडी होऊन बांधकामांत गेले. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात डेव्हिल्स टॉवर नावाचा अशाच खांबांचा सुळका आहे. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०६ साली तो देशाचे पहिले राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला. गिल्बर्ट हिलला महापालिकेकडून दुसऱ्या श्रेणीच्या वारसा स्थळाचा दर्जा मिळाला तो २००७ साली, आणि तोही भूशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यानंतर. मधल्या शंभर वर्षांत जे तोडले गेले, ते परत येणारे नाही. लाव्हाचा असा खांब पुन्हा घडविण्यास लागणारी भट्टी मुंबईखाली आता पेटलेली नाही.

खडी तोडणाऱ्याने त्या वेळी नफा मिळविला, घर बांधणाऱ्याने घर बांधले. जोखीम मात्र दोघांच्याही वहीत लिहिली गेली नाही. ती पातेर्नोच्या दिशेने वळविलेल्या लाव्हासारखी पुढच्या पिढीच्या दारी गेली. आज उरलेल्या सुळक्याच्या पायथ्याशी दाट वस्ती आहे आणि चहूबाजूंनी बांधकामे त्याला भिडलेली आहेत. पाया खणताना बसणारे हादरे, कापलेली कड, अडलेले पावसाचे पाणी यांनी कातळ खिळखिळा झाला तर पहिला दगड त्या वस्तीवरच पडेल. उपनगरांतील जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचा सध्या धडाका आहे. त्या व्यवसायात या मासिकाच्या वाचकांपैकी अनेक कुटुंबे आहेत. डोंगरालगतचा भूखंड हाती आला की त्याचे क्षेत्रफळ जसे मोजले जाते, तसेच मागच्या कातळाचे म्हणणेही भूशास्त्रज्ञाकडून लेखी घ्यावे. तो अहवाल घर घेणाऱ्यालाही वाचावयास द्यावा. त्यास येणारा खर्च इमारतीच्या प्रवेशद्वाराच्या संगमरवरापेक्षा पुष्कळ कमी असतो.

आणि ज्यांच्या घरी एटनाचे माहितीपत्रक येऊन पडले आहे, त्यांनी सहलीची रक्कम भरण्यापूर्वी एखाद्या रविवारी सकाळी मुलांना घेऊन अंधेरीला जावे. तिकीट नाही, व्हिसा नाही. घाटकोपरहून तर मेट्रो थेट अंधेरीला येते. पायऱ्या चढताना बाजूच्या खांबांना हात लावू द्यावा, त्यांच्या कडा मोजू द्याव्यात. माथ्यावरून दिसणाऱ्या इमारतींत त्यांनी आपले घर शोधावे आणि ते घर कोणत्या खडकावर उभे आहे, हा प्रश्न त्यांनाच विचारावा. खाली उतरल्यावर अकरावा प्रश्न मुले आपणहून विचारतील. त्याचे उत्तर सहल विकणाऱ्याकडून मिळाले, तर एटनाला निर्धास्त जावे. मिळाले नाही, तर दुसरा विक्रेता शोधावा.